मेथीच्या वाफ्यात डाळिंबाचे औषध नको

सांगोल्याच्या बागायतदाराचे फुलपाखराशी वाकडे आहे, आणि त्याला कारणही तसेच आहे. डाळिंबाच्या कळीवर, कोवळ्या फळावर एकेक अंडे घालून फुलपाखरू निघून जाते आणि मागे सुरसा अळी फळ पोखरत राहते. हीच धास्ती घेऊन तो बागेकडेच्या मेथी-शेपूच्या वाफ्याशी येतो. वर पांढरी-पिवळी फुलपाखरे भिरभिरताना दिसली, की डाळिंबासाठी आणलेले औषध त्याच पंपाने भाजीवर मारतो. ही फवारणी थांबलीच पाहिजे.

ती फुलपाखरे बहुधा बांधावरच्या तरवड-टाकळ्यावर वाढलेली असतात. त्यांच्या अळ्या मेथीला तोंड लावत नाहीत. युरोपातल्या परसबागांत कोबीवरचे पांढरे फुलपाखरू खरोखर उपद्रवी आहे, पण आपल्याकडे पालेभाजीचा वैरी रात्री उडतो. स्पोडोप्टेरा या पतंगाची मादी पानाच्या खालच्या बाजूला पुंजक्याने अंडी घालते आणि त्यावर भुरकट केसांचे आवरण घालते. अंडी फुटली की पिल्ले त्याच पानावर घोळक्याने राहून हिरवा भाग खरवडतात, पान जाळीदार दिसू लागते. हेच दिवस हाती असतात. ते पान खुडून साबणाच्या पाण्यात बुडवले, तर अख्खी वीण संपते. पुढे अळ्या पांगतात, दिवसा ढेकळांखाली दडतात आणि मग औषधही त्यांना नीट लागत नाही. म्हणून पाने उलटून पाहण्याचे काम फवारणीपेक्षा मोलाचे आहे. आपल्याकडे ते बहुधा खुरपणाऱ्या बायाच करतात. पुंजका कसा दिसतो हे त्यांना आवर्जून दाखवा.

कोबीची गोष्ट वेगळी. तिथे चौकोनी ठिपक्यांचा पतंग येतो. कोबीच्या 25 ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी लावल्या, तर तो मोहरीकडे ओढला जातो.

औषधाचा धोकाही दोन्ही पिकांत सारखा नाही: डाळिंबाला साल असते, मेथीचे पानच पोटात जाते. शिवाय मेथी महिना-दीड महिन्यात निघते. औषधाच्या डब्यावर लिहिलेला काढणीपूर्वीचा काळ पाळायला दिवस उरतात कुठे? निर्यातीच्या डाळिंबाच्या बागेची अनारनेट या नोंदणी प्रणालीवर नोंद होते, औषधांचे अंश प्रयोगशाळेत तपासले जातात. आठवडे बाजारातली जुडी मात्र तशीच घरोघरी जाते, लेकराबाळांच्या ताटात पडते. हा फरक आम्हाला मान्य नाही.

फवारायचेच असेल तर अळ्या लहान असताना, संध्याकाळी, बीटी हे जैविक कीटकनाशक किंवा पाच टक्के निंबोळी अर्क घ्या. पाच किलो निंबोळीचा चुरा रात्रभर नऊ लिटर पाण्यात भिजवावा. दुसऱ्या भांड्यात 200 ग्रॅम साबणचुरा एक लिटर पाण्यात विरघळवावा. सकाळी अर्क फडक्यातून गाळून त्यात साबणाचे पाणी मिसळावे, एकूण 100 लिटर करावे आणि त्याच दिवशी वापरावे. पंप भाजीसाठी वेगळाच हवा.

कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्यांनाही विनंती आहे: बाटली देण्याआधी पीक विचारा, आणि त्या पिकासाठी शिफारस नसलेले औषध देऊ नका. आणि अर्काचे म्हणाल, तर निंबोळ्या जून-जुलैत झाडाखाली पडतात. त्याच वेळी वेचून सावलीत वाळवल्या तर हिवाळ्यातल्या भाजीपर्यंत पुरतात.