बागेची चावी कुणाकडं?

मेसमध्ये जेवताना कुठला विषय कुठं जाईल याचा भरवसा नसतो. परवा वरणात पाणी किती यावरून सुरुवात झाली आणि गाडी येऊन थांबली सरकारी बागांवर. कुणीतरी म्हणालं, "तुमच्या हिंगोलीला पण एक कोटीची बाग मिळणार म्हणे. कशाला पाहिजे रे तुम्हाला बाग? अख्खा जिल्हाच मोकळा पडलाय!" सगळे हसले. मीपण हसलो. पण रूमवर आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख.

आधी बातमी काय ती सांगतो. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य सरकारने 'नमो उद्यान' ही योजना जाहीर केली. राज्यातल्या 394 नगरपरिषदा आणि नगरपंचायतींना बाग करण्यासाठी प्रत्येकी 1 कोटी रुपये. वर आणखी स्पर्धा : प्रत्येक विभागात पहिल्या आलेल्या बागेला 5 कोटी, दुसरीला 3 कोटी आणि तिसरीला 1 कोटी. आमच्या जिल्ह्यात हिंगोली, वसमत आणि कळमनुरी या तीन नगरपरिषदा, सेनगाव आणि औंढा नागनाथ या दोन नगरपंचायती. म्हणजे पाच गावं, पाच कोटी. 1 मे 1999 ला परभणीतून वेगळा निघालेला हा जिल्हा. आमच्या वाट्याला बागेसाठी म्हणून थेट पैसा येणं ही साधी गोष्ट नाही. केंद्राची 'अमृत' योजना 2015 मध्ये आली, तिच्यात बागांसाठी वेगळा हिस्सा होता, दरवर्षी मुलांसाठी एक तरी बाग करा अशी अपेक्षाही होती. पण ती मुख्यतः लाखावर लोकसंख्या असलेल्या शहरांसाठी. नांदेड, परभणी त्यात बसले. हिंगोलीची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 85,103. झालो बाहेर. 2021 मध्ये 'अमृत'चा दुसरा टप्पा सगळ्या शहरांसाठी खुला झाला, पण त्याचा मुख्य भर नळाच्या पाण्यावर.

तेव्हा पैसे येतायत याचा मला आनंदच आहे. तरी मी हा लेख आनंद व्यक्त करायला लिहीत नाहीये. कारण आमच्याकडं बाग कशी होते आणि कशी मरते हे मी लहानपणापासून पाहिलेलं आहे.

आमच्या गावात (तालुक्याचं गाव आहे, नाव मुद्दामच सांगत नाही) मी चौथीत असताना एक बगीचा झाला. चारी बाजूंनी कंपाउंड, मोठं लोखंडी गेट, मध्ये कारंजं, सिमेंटचा जिराफ, सिमेंटचं हरीण, आणि चालायला रंगीत फरशी. उद्घाटनाला मंडप, फेटे, भाषणं. आम्ही लेकरं पंधरा दिवस जिराफावरून उतरलो नाही. मग उन्हाळा आला. कारंजं बंद पडलं, लॉन पिवळी पडली. पुढच्या वर्षी जिराफाची मान गेली. मग "टवाळ पोरं बसतात" म्हणून गेटला कुलूप लागलं. चावी कुणाकडं, हे आजतागायत कुणी सांगू शकलेलं नाही. याच्याकडं विचारा, त्याच्याकडं विचारा. आत गाजरगवत कमरेएवढं वाढलं. आणि कागदावर? कागदावर आमच्या गावाला बाग आहे!

आता तुम्ही म्हणाल, एका बागेचं एवढं काय मनावर घेतो. तर माझ्या मावसभावाचं सांगतो. हिंगोलीत राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक 12 आहे. त्यामुळं आमच्याकडच्या पोरांना भरतीचं वेड लहानपणापासून. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर पळावं लागतं, राखीव दलाला 5 किलोमीटर. सराव कुठं करायचा? शाळेचं मैदान बंद, बगीचा बंद. मग पहाटे चार-साडेचारला पोरं हायवेच्या कडेनं पळतात. तुमच्यातल्या ज्यांनी रात्रीच्या गाडीनं मराठवाड्यातून प्रवास केला असेल त्यांनी अंधारात पळणारी ही पोरं नक्की पाहिली असतील. माझा भाऊ असाच पळत होता. मागून एक टेम्पो घासून गेला. जीव वाचला, पायात रॉड पडला. त्या वर्षीची भरती गेली, पुढच्या वर्षी पाय साथ देईना. आता तो हळदीच्या आडतीवर हिशेब लिहितो. तो कधी तक्रार करत नाही. एकदाच म्हणाला, "दादा, पळायला जागाच नव्हती रे."

त्या दिवसापासून 'बाग ही श्रीमंतांची चैन' हे वाक्य मला सहन होत नाही. ज्याच्याकडं पैसा आहे त्याला घरापुढं अंगण आहे, शेतात बंगला आहे, जिमची फी आहे. बाग लागते ती दोन खोल्यांत सहा जण राहणाऱ्याला. शुगर निघाली म्हणून डॉक्टरने रोज चालायला सांगितलेल्या माझ्या आईला, जिला रस्त्यावर चालताना ट्रकपेक्षा लोकांच्या नजरांचा जास्त त्रास होतो. आमची राज्यघटना सुद्धा हेच सांगते. 74 व्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची आली, तिच्यात नगरपालिकांकडं सोपवायच्या 18 विषयांची यादी आहे. त्यात बारावा विषय उद्याने, बागा आणि क्रीडांगणे हा आहे. ही कुणी केलेली मेहेरबानी नाही, हे पालिकेच्या कामातलं काम आहे.

आता जरा आपल्या भाषेत, म्हणजे आकड्यांत बोलू. 1 कोटी भागिले 85,103. हिंगोली शहरात डोई साधारण 117 रुपये. आता जागा पाहू. शहर नियोजनाच्या केंद्राच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांत माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा धरलेली आहे. 10 जरी धरली तरी हिंगोलीला 85 हेक्टर, म्हणजे 210 एकर लागतील. आणि एक कोटीत समजा एक एकराची बाग झाली, तर माणशी किती? साधारण 476 चौरस सेंटिमीटर. आपल्या सबमिशनचा ए-फोर कागद 624 चौरस सेंटिमीटरचा असतो. म्हणजे नव्या बागेत प्रत्येक हिंगोलीकराच्या वाट्याला एक कागदसुद्धा पूर्ण येत नाही!

याचा अर्थ एक कोटी नको असा नाही. अर्थ एवढाच, की एका बागेनं भागणार नाही आणि ती एक बाग मेली तर अजिबात भागणार नाही. अनुदानाची गोम इथंच आहे. अनुदान बांधायला मिळतं, सांभाळायला मिळत नाही. बांधकामात टेंडर असतं, बिल असतं, उद्घाटनाची कोनशिला असते. झाडाला पाणी घालण्याची कोनशिला मी अजून पाहिलेली नाही. मी माझ्या परीनं एक अंदाज काढला. एक माळी आणि एक चौकीदार, महिना 12-12 हजार धरले तरी वर्षाला 2 लाख 88 हजार. वीज, पाणी, खेळण्यांची दुरुस्ती धरून 4 लाख. दहा वर्षांत 40 लाख. म्हणजे एक कोटीची बाग खरं तर एक कोटी 40 लाखांची आहे, आणि वरचे 40 लाख कुणी द्यायचे हे कुणी बोलतच नाही. लॉनचं तर विचारूच नका. चौरस मीटरला दिवसाला 5 लिटर पाणी धरा, एकरभर लॉनला रोज 20 हजार लिटर. पाच हजारांचे चार टँकर! ज्या गावात मे महिन्यात घागरीसाठी रांग लागते तिथं लॉनला चार टँकर घातले तर लोक बागेला शिव्याच देतील, आणि बरोबरच देतील. त्यापेक्षा कडुनिंब, करंज, चिंच, वड लावा. पहिली दोन-तीन वर्षं जपा, मग ती आपली आपण उभी राहतात आणि खाली बसायला सावली देतात. पण एस्टिमेटमध्ये फरशीचा दर चौरस मीटरनं लागतो, सावलीला दर नाही. म्हणून फरशी वाढते!

बाहेरच्या देशात काय करतात म्हणून जरा शोधलं. अमेरिकेत 1965 पासून एक निधी आहे, लँड अँड वॉटर कन्झर्वेशन फंड. समुद्रातल्या तेल आणि वायूच्या उत्पन्नातून त्यात पैसा येतो, 2020 च्या कायद्याने तो दरवर्षी 90 कोटी डॉलर असा कायम केला. त्यातून राज्यांना आणि गावांना बागा, मैदानं, नदीकाठ यासाठी अनुदान मिळतं. पण दोन अटी. एक, निम्म्यापर्यंतच पैसे मिळणार, उरलेले तुम्ही उभे करा. दोन, आणि ही मला फार आवडली : ज्या जागेला हे पैसे लागले ती जागा कायमची लोकांच्या खेळण्या-फिरण्यासाठीच राहणार. तिथं पुढं दुसरं काही बांधायचं असेल तर तेवढ्याच किमतीची आणि तेवढ्याच उपयोगाची दुसरी जागा आधी द्यायची. म्हणजे अनुदान घेतलं की जागेला कायमचं कुंपण, आणि तेही कायद्याचं.

पहिली अट आपल्या छोट्या पालिकांना झेपणार नाही हे मान्य. पण दुसरी का नको? तिला तर पैसेही लागत नाहीत. आपल्याकडं उलटं चालतं. विकास आराखड्यात बागेचं आरक्षण पडतं, पालिकेकडं जागा घ्यायला पैसे नसतात, आणि 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 127 प्रमाणं दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊन आरक्षण उठवू शकतो. मालकाचीही चूक नाही, त्यानं किती वर्षं थांबायचं? प्रत्येक मोठ्या ले-आउटमध्ये दहा टक्के ओपन स्पेस सोडावीच लागते. ती नकाशावर हिरवी असते. प्रत्यक्षात आधी तिथं उकिरडा होतो, मग कुणाचा तरी गोठा, मग पत्र्याचं शेड, आणि मग "आमचं जुनं आहे" सुरू होतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. बागेला अनुदान देताना चार गोष्टी लिहून घ्या. जागा कायमची मोकळी राहील याची नोंद मालमत्तेच्या कागदावर करा. पालिकेच्या बजेटमध्ये देखभालीचं वेगळं पान ठेवा. गेटवर उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ आणि चावी कुणाकडं हे मोठ्या अक्षरांत लिहा. आणि त्या 5 कोटींच्या बक्षिसाचा निकाल उद्घाटनाच्या वर्षी लावू नका. दोन उन्हाळे जाऊ द्या. तिसऱ्या जूनमध्ये परीक्षकांनी यावं, झाडं जिवंत किती ती मोजावीत, संध्याकाळी सहाला आत किती बाया आणि लेकरं आहेत ती मोजावीत. जिराफ मोजू नयेत.

कुणी म्हणेल, शेतकरी मरतोय आणि याला बागा सुचतायत. माझेही वडील शेतकरीच आहेत. पण बागेसाठी आलेला पैसा कापसाच्या भावाकडं वळत नाही. तो एकतर बागेला लागतो, नाहीतर फरशीला. मग बागेला का लागू नये?

आणि आपण काय करायचं? स्थापत्यच्या पोरांनो, दरवर्षी सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला आपण तोच कॉलेजचा प्लॉट मोजतो. त्याच झाडापासून त्याच खांबापर्यंत. मागच्या बॅचची रीडिंगं उतरवून काढणारेही आपल्यातच आहेत. त्याऐवजी आपापल्या गावातल्या ओपन स्पेस मोजल्या तर? मंजूर ले-आउटचे नकाशे माहितीच्या अधिकारात मागता येतात. नकाशावर किती हिरवं, जमिनीवर किती उरलं, एवढा साधा तक्ता केला तरी पालिकेला उत्तर द्यावं लागेल. सरांनी मनावर घेतलं तर टर्मवर्कचे मार्कही मिळतील.

शेवटचं एक बोलतो, आणि हे जरा आपल्याच अंगाला लागणारं आहे. आपल्या हॉस्टेलमागं ग्राउंड आहे. पहाटे पाचला बाजूच्या वस्तीतली पोरं कंपाउंडवरून उड्या मारून आत येतात, चार चकरा मारतात, वॉचमनकाकांची शिट्टी ऐकली की पळून जातात. त्या वेळी आपल्यातला एकजणही ग्राउंडवर नसतो, आपण झोपलेलो असतो. पहाटे पाच ते सात या वेळात, वहीत नाव लिहून, त्या पोरांना गेटमधून आत सोडलं तर कॉलेजचं काय जाणार आहे? सरांना आणि रेक्टर साहेबांना माझी ही जाहीर विनंती आहे. सांभाळायला माणूस लागत असेल तर माझं नाव पहिलं लिहा. पाचला उठून गेट मी उघडतो.

निदान एका तरी मैदानाची चावी कुणाकडं आहे, हे लोकांना कळेल.

– तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी