हिवाळ्यातला नववसंत

नाताळच्या सुट्टीत जपान पाहून आलेल्या ठाणे-डोंबिवलीकरांचे लेखन वाचताना एक गोष्ट वारंवार खटकते. लेखक तोक्योत पोचतो, पण त्याची नजर डोंबिवलीच्या फलाटावरून हलत नाही. गाडी वेळेवर आली, रस्ते स्वच्छ होते, आणि आपल्याकडे मात्र... हे खरे असले तरी ते जपानचे वर्णन नव्हे. ती आपलीच तक्रार होय. पु. लं.च्या 'पूर्वरंग'ला साठ वर्षे उलटल्यावर तरी आपण याच्या पुढे जायला हवे.

नववर्षाचेच पाहा. जपानने १८७३ साली ग्रेगरियन कालगणना स्वीकारली आणि वर्षारंभ १ जानेवारीवर आणला. शुभेच्छापत्रांवर मात्र ऐन थंडीत आजही 'शिन्शुन', म्हणजे नववसंत, असे शब्द असतात. ३१ डिसेंबरच्या रात्री बौद्ध मंदिरांत घंटेचे १०८ टोल पडतात, आपल्या जपमाळेच्या मण्यांइतके. घरोघरी सोबा नावाच्या शेवया खाल्ल्या जातात. 'कोतात्सू' या ठेंगण्या मेजाखाली ऊब असते आणि त्यावरच्या रजईत पाय घालून कुटुंब बसते.

पाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा १९९९ साली डोंबिवलीतच सुरू झाली. जुना वर्षारंभ मिरवणाऱ्या या गावच्या लेखकाला तरी प्रश्न पडावा: तिथी हलली, तर सण कशात उरतो? जपानमध्ये तो शब्दांत आणि स्वयंपाकघरात उरला आहे. वेळापत्रकांची तुलना करणाऱ्याला हे दिसत नाही. प्रवासवर्णन शिकवणाऱ्यांनी निदान तिकडे बोट दाखवावे.