उन्हाळ्यात डास जातो कुठे?

मोहफुलं संपत आली. थोड्याच दिवसांत तेंदूची फळी लागेल. या दिवसांत थंडीताप कमी असतो, म्हणून त्याचं नावही कोणी काढत नाही. आम्हाला मात्र वाटतं की हिवतापावर बोलायची वेळ हीच आहे. ऐन रोवणीत अर्धं घर खाटेला लागल्यावर बोलून काय होणार? तेव्हा मजुरी बुडते, बांधी तशीच पडून राहते, आणि जमिनीच्या केसची तारीखही चुकते. कागदावर ‘गैरहजर’ एवढंच लिहिलं जातं. माणूस तापाने फणफणत होता हे कोणी लिहीत नाही.

गावात येणारे साहेब सांगतात, तुम्ही लोक घाणीत राहता म्हणून मलेरिया होतो. हे खरं नाही. गटाराच्या घाण पाण्यात होणारा डास वेगळा. हिवतापाचा डास, म्हणजे अॅनॉफिलीस, सहसा स्वच्छ, उथळ पाणी शोधतो. आपल्या नाल्याचं, झिऱ्याचं पाणी त्याला आवडतं. ओळखायचं असेल तर पांढऱ्या थाळीत काठाचं पाणी घ्या. जी अळी पाण्यावर काडीसारखी आडवी पडून राहते ती हिवतापाच्या डासाची. डोकं खाली करून लटकते ती दुसऱ्या डासाची. डास भिंतीवर बसला तरी कळतो. हिवतापाचा डास शेपूट वर करून तिरपा बसतो.

आपल्या गडचिरोलीच्या जंगलात हे काम करणारे मुख्य डास दोन. एकाला शास्त्रज्ञ फ्लुवियाटिलिस म्हणतात. हळू वाहणाऱ्या नाल्याच्या काठी, गवताच्या आडोशाला तो अंडी घालतो, आणि त्याला माणसाचं रक्त फार आवडतं. दुसरा क्युलिसिफेसिस. तो जास्त करून ढोरांना चावतो, पण माणसालाही सोडत नाही. जोवर नाल्याची धार चालू आहे तोवर पहिल्याचं राज्य. धार तुटली आणि पात्रात डबकी उरली की दुसऱ्याचं. म्हणजे नाला आटला तरी डास संपला नाही, त्याची जागा बदलली. डोहाचा काठ, खडकातला खळगा, हापशीखाली ढोरांच्या खुरांनी पडलेले खड्डे, एवढं त्याला पुरतं. गरमीत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात.

चैत-वैशाखाचं कोरडं ऊन डासाला सोसत नाही, तो लवकर मरतो. रोगी माणसाला चावल्यावर डासाच्या पोटात रोगाचं बी तयार व्हायला दहा-बारा दिवस तरी लागतात, आणि तेवढे दिवस तो जगतच नाही. म्हणून ताप कमी. पण नाल्याकाठच्या जांभळाखाली, कोठ्याच्या अंधाऱ्या ओलसर कोपऱ्यात काही डास टिकतात. आणि बी टिकतं आपल्या अंगात. ताप नसलेल्या, कामावर जाणाऱ्या माणसाच्या रक्तातही ते असू शकतं. मिरगाचा पाऊस पडला, हवा ओली झाली, की उरलेले डास आणि उरलेलं बी यांची गाठ पडते. पावसाळ्यातल्या तापाची पेरणी अशी उन्हाळ्यातच झालेली असते.

फळीवर ही गाठ आधीच पडू शकते. पाच-दहा गावांची माणसं पाण्याच्या सोयीने नाल्याजवळ उघड्यावर झोपतात. तिथे ढोरं नाहीत, डासाला माणूसच सापडतो. फवारणी असते घराच्या भिंतीवर. फळीवर भिंत कुठली? ठेकेदार पुड्याचा हिशोब ठेवतो, त्याने मजुरांच्या मच्छरदाणीचा आणि गोळ्यांचाही ठेवावा. भाव ठरवायच्या बैठकीत ही मागणी लावून धरा.

आता मुरमाच्या खड्ड्यांचं. रस्त्यासाठी जंगलाच्या कडेने मशीन लावून खड्डे खणले, रस्ता झाला, खड्डे तसेच. गावाजवळच्या अशा खड्ड्यात नाला आटल्यावरही पाणी राहतं. आपण एक एकर नांगरला तर जंगलाचं नुकसान झालं म्हणून केस होते. ठेकेदाराने खणलं तर तो विकास. त्या खड्ड्यातल्या डासांचा दंड मात्र आपण भरतो.

सरकार काहीच करत नाही असं आम्ही म्हणत नाही. डीडीटीच्या जोरावर 1965 साली देशातले हिवतापाचे रोगी एक लाखाच्या आसपास आले होते. मग ढिलाई झाली, डासही औषधाला सरावले, आणि 1976 साली आकडा चौसष्ट लाखांवर गेला. ज्याने हे पाहिलं तो नुसत्या फवारणीवर विसंबणार नाही. तरी फवारणी झाली की लगेच भिंत लिपू नका, औषध मातीखाली दबून जातं.

एक गोष्ट आपल्याच लोकांना सांगायची आहे. राग आला तरी चालेल. उन्हाळ्यात डोहात ब्लीचिंग पावडर नाहीतर फवाऱ्याचं औषध टाकून मासे मारायचं खूळ वाढलं आहे. बारके मासे डासाची अळी खातात. डोहात विष पडलं की ते मरतात. डास आठवड्याभरात पुन्हा अंडी घालतो, मासे पावसापर्यंत येत नाहीत. शिवाय तेच पाणी ढोरं पितात. जाळं टाका, गळ टाका, विष नको.

उन्हाळ्यात पाण्याच्या जागा मोजक्याच असतात, म्हणून कामही आटोक्यातलं आहे. आठवड्यातून एक दिवस ठरवा. डबक्याची कड फोडून पाणी वाहतं करा. खुरांचे खड्डे मातीने भरा. झिऱ्याच्या, डोहाच्या काठचं गवत कापा. प्यायचा झिरा बुजवू नका, त्यात तेलही टाकू नका. अंगात कसर वाटली तर रक्ताची काच द्या आणि गोळ्या पूर्ण घ्या. दोन दिवसांनी बरं वाटलं म्हणून उरलेल्या ताकात ठेवू नका.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने आपल्या पाण्याची यादी आणावी. नाला, डोह, झिरा, बोडी, खड्डा, सगळं लिहा. बायकांना विचारून लिहा, रोज पाण्याला त्याच जातात. मुरमाचा खड्डा असेल तर तो किती हात लांब, गावापासून किती दूर, कोणत्या रस्त्यासाठी खणला, हेही लिहा. सगळ्या गावांचे खड्डे एकाच अर्जात घालून तो अर्ज पंचायत समितीत आणि जंगल खात्यात, दोन्हीकडे द्यायचा आहे. पोच घेतल्याशिवाय परत यायचं नाही.