पोराचा उपचार आणि घराची वागणूक

बाप तारापूर एमआयडीसीत रात्रपाळी करून सकाळी झोपतो, आई कामावर जाते. मधल्या वेळात पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा कुणात बसतो, हे घरात कुणालाच ठाऊक नसते. एक दिवस खिशात गांजाची पुडी सापडते. मग बाप पट्टा काढतो, आणि बोभाटा नको म्हणून आई गुपचूप पैसे देते. मार खाल्लेला पोरगा घराबाहेर जास्त राहतो आणि आईच्या पैशांतून पुढची पुडी येते.

पोराला केंद्रात सोडायचे आणि दुरुस्त करून आणायचे, असा आपल्या लोकांचा समज आहे. पण व्यसनाचा उपचार घराला वगळून पुरा होत नाही. पुण्यात गर्दने तरुण पोरे नासू लागली, तेव्हा १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने 'मुक्तांगण' सुरू केले. तिथे घरच्यांशीही बोलतात, व्यसनी माणसांच्या बायकांसाठी 'सहचरी' गट चालतो. अमेरिकेत हॉवर्ड लिडल व सहकाऱ्यांनी व्यसनी मुलांवर आईबापांसह उपचार केले. १९९६ साली त्यांनी मांडले की, पालकांची वागणूक सुधारली तिथे मुलांची नशाही कमी झाली.

मग पालकांनी बदलायचे काय? मारणे व टोमणे बंद करावेत. हातात रोख पैसे देऊ नयेत, वस्तू घेऊन द्यावी. नियम थोडेच असावेत, पण आई एक व बाप दुसरेच बोलतो असे होऊ नये. पोरगा वेळेवर घरी आला तर तेही बोलून दाखवावे. पुन्हा घसरला तर घराबाहेर काढू नये, समुपदेशकाकडे न्यावे.

आणि बापाने स्वतःचा खिसा तपासावा. विहारात पाचवे शील घ्यायचे व पोरालाच तंबाखू आणायला टपरीवर धाडायचे, हे पोरगा पाहत असतो. अठरा वर्षांखालील मुलाला दारू, तंबाखू वा अमली पदार्थ देणाऱ्यास २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. टपरीवाल्याला हे सांगायला वस्तीतल्या चार बायांनी मिळून जावे.

व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. लाजेपायी पोर गमावण्यापेक्षा एक फोन करावा.