वस्तऱ्याचे वजन

गेल्या दिवाळीपासून नानांचा, म्हणजे आमच्या तीर्थरूपांचा, हात थरथरू लागला. वय वर्षे ८४. ज्यांनी आयुष्यभर उघड्या वस्तऱ्याने स्वहस्ते श्मश्रू केली, त्यांच्या हनुवटीवर रोज एक नवी चीर दिसू लागली. आम्ही आमचा सेफ्टी रेझर पुढे केला, तर म्हणाले, "ते खेळणं तुझं तुला राहू दे." न्हाव्याला घरी बोलाविले, त्याच्यापाशी अर्धे ब्लेड अडकवायचा वस्तरा. नानांनी तोंड फिरविले. तेव्हा पन्नाशी उलटल्यावर आम्हीच शिकावयाचे ठरविले. आधी स्वतःच्या गालावर, मग त्यांच्या.

इंदूरच्या बाजारात ज्याला उस्तरा म्हणतात तो आमच्या घरात वस्तराच. पेटीत दोन निघाले, दोन्ही जर्मनीतील सोलिंगेन गावचे. हे बरेच झाले. एकाचा वस्तरा दुसऱ्याने वापरू नये. रक्तातून पसरणारी कावीळ बापलेकांतही भेद करीत नाही.

आमची समजूत अशी, की कसब सारे हातात. नानांनी आठवडाभर गालाला पाते लावूच दिले नाही. रोज चामड्याच्या पट्ट्यावर तीस फेऱ्या. पात्याची पाठ पुढे, धार मागे. परतताना वस्तरा पाठीवर उलटवावयाचा, धारेवर कदापि नाही. एकदा आम्ही चुकलो आणि पट्ट्याचा टवका उडाला. नाना काही बोलले नाहीत. आमच्या शाळेतील मुलांना हे मौन परिचयाचे आहे. १९०३ मध्ये जिलेटचा रेझर बाजारात आला आणि पाते बोथट झाले की फेकून देण्याची सोय झाली. हा पट्टा घराघरांतून गेला तो त्या पायी.

मग पाणी. कोरडा केस ताठ असतो. ऊन पाण्याने दोन-तीन मिनिटे भिजला की नरमतो. स्नानानंतर बसावे आणि फेस दाट करावा. आग होते ती बहुधा इथल्या घाईमुळे.

आठव्या दिवशी पाते गालावर आले. ते त्वचेशी साधारण तीस अंशांत कलते धरावे. फार आडवे झाले तर केस ओढते, फार उभे झाले तर कातडी सोलते. डाव्या हाताने त्वचा ताणावी, केसांच्या रोखाने खाली यावे आणि पाते धारेच्या दिशेने आडवे कधीही सरकवू नये. हे सर्व पाठ होते. तरी रक्त आलेच.

"अरे, फळा पुसतोयस की दाढी करतोयस?" नाना म्हणाले. "दाबू नकोस. त्याला त्याचं वजन आहे."

पेन्सिल दाबू नका, असे मुलांना तीस वर्षे सांगत आलो, आणि आमचाच हात असा! दोन महिने केवळ गालच केले. हनुवटी व वरचा ओठ यांना मागाहून हात घातला. शेवटी थंड पाणी, तुरटीचा खडा, आणि वस्तरा पुसून कोरडा करून पेटीत.

गेल्या रविवारी नाना आमच्यासमोर खुर्चीत बसले. म्हातारपणी गळ्याची कातडी सैल होते, ती ताणून धरावी लागते. त्यांनी मान मागे टाकली आणि डोळे मिटले. आम्ही त्यांच्या गळ्याला असा हात पूर्वी कधी लावला नव्हता. पाते फिरत राहिले. त्याचा बारीक खरखर आवाज तेवढा येत होता.

तोंड पुसून झाल्यावर नानांनी थरथरता तळवा चेहऱ्यावरून सावकाश फिरविला.

"उजव्या कानाखाली राहिलंय," ते म्हणाले, आणि पुन्हा मान मागे टाकली.