बाहुलीचा बाप

भातुकलीत बाप असतो, पण तो कामावर गेलेला असतो. चुलीवर इवलासा टोप चढतो, पानाच्या ताटलीत चुरमुऱ्यांचा भात वाढला जातो, बाहुलीला न्हाऊ घातले जाते, तिला ताप येतो, तो उतरतो. आणि एवढ्या साऱ्या वेळात शेजारचा जो मुलगा ‘बाबा’ म्हणून नेमलेला असतो तो ओट्यावरून उतरून परसात एक फेरी मारून येतो. फेरी संपली की ऑफिस सुटले. मग त्याने ‘चहा झाला का?’ एवढे विचारायचे. पिढ्यान् पिढ्या आपण मुलींच्या हाती हा खेळ देत आलो. या खेळाने मुली बिघडतात, असे एकाही सद्गृहस्थाने म्हटलेले माझ्या ऐकिवात नाही.

आता मात्र एका नव्या भातुकलीवरून या सद्गृहस्थांची झोप उडाली आहे. ही भातुकली संगणकावर खेळतात. नाव ‘द सिम्स’. अमेरिकेत ओकलंड येथे 1991 साली मोठा वणवा लागला; त्यात विल राईट नावाच्या खेळ रचणाऱ्या गृहस्थाचे घर जळाले. पुन्हा घर मांडता मांडता त्याला हा खेळ सुचला आणि 2000 साली तो बाजारात आला. पडद्यावर घर बांधायचे, त्यात माणसे ठेवायची, त्यांना जेवू घालायचे, कामावर पाठवायचे, त्यांची लग्ने लावायची. 2004 सालच्या दुसऱ्या आवृत्तीत दुडदुडणारी पोरे आली. पण 2014 साली चौथी आवृत्ती निघाली तेव्हा ती नाहीशी झालेली! पाळण्यातले बाळ उठायचे ते थेट शाळेच्या वयाचे होऊन. खेळणाऱ्यांनी देशोदेशी आरडाओरड केली, आणि 2017 च्या जानेवारीत कंपनीने ही मधली वर्षे फुकट परत केली.

या आरडाओरडीचे मला फार कौतुक वाटते. मी मॅट्रिकपलीकडे गेलेली नाही. लहान मुलांच्या वर्गाला शिकवते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. या दोन्ही धंद्यांत राहून एक गोष्ट मी पाहिली आहे. आपल्या कादंबऱ्यांत एका प्रकरणाच्या शेवटी मूल जन्मते आणि पुढच्या प्रकरणाच्या सुरुवातीला ते दप्तर घेऊन शाळेला निघते. मधली तीन वर्षे कोणी काढली, कशी काढली, किती रात्री जागून काढली, हे लेखकाला विचारण्याचे वाचकाच्या मनातही येत नाही. त्या संगणकापुढच्या मुलींच्या मनात ते आले, आणि त्यांनी विचारले.

माझी एक भाची पनवेलला असते. कॉलेजात जाते, आणि सुटीच्या दिवशी हा खेळ खेळते. तिच्या वडिलांचा, म्हणजे आमच्या भावोजींचा, यावरून संताप होतो. “तीन तीन तास संगणकातल्या पोराची शी काढत बसते!” असे ते मला सांगत होते. भाची पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, “बाबा, माझी किती वेळा काढलीत?” माझी बहीण आत पोळ्या लाटत होती, तिचे लाटणे थांबले तेवढे मला ऐकू आले. भावोजी वर्तमानपत्रात शिरले.

मग मी तिच्याशेजारी खुर्ची घेऊन बसले आणि पाहिले. एक दोन वर्षांचे पोर उंच खुर्चीत बसवले होते. त्याने वाडगा खाली फेकला. बापाने तो उचलला, दुसरा आणला. पोराने तोही फेकला. पोराच्या सहा गरजा एका कोपऱ्यात पट्ट्यांनी दाखवलेल्या असतात: भूक, झोप, खेळ, अंग स्वच्छ असणे, शी-शू, आणि सहावी म्हणजे कोणीतरी आपल्याकडे लक्ष देणे. पट्टी हिरवी असली तर ठीक. पिवळी, तांबडी होऊ लागली की घरातल्या मोठ्याने धावायचे. कोणत्या मोठ्याने, हे खेळ सांगत नाही. आईने भांड्यावर बसवले काय नि बापाने बसवले काय, पोर सारखेच शिकते. मी विचारले, “याची आई कुठे आहे गं?” भाची म्हणाली, “ती कामावर गेली आहे, मावशी.”

तेव्हा मला कळले की भावोजींना नेमके काय खुपते आहे.

खेळात खोट नाही असे मी म्हणत नाही. खोट आहे, आणि मोठी आहे. तिथली बालपणे नेहमीच्या गतीने सात दिवसांत आटपतात. कंटाळा आला तर एक बटण दाबून काळ थांबवता येतो. आमच्या वर्गातल्या कुठल्याही आईला ते बटण द्या, ती त्याच्या बदल्यात मंगळसूत्र काढून देईल! पोराला आठ स्वभावांपैकी एक स्वभाव मिळतो. माझ्यापुढे बसणाऱ्या बावीस पोरांत एकाचेही आठांपैकी एकात भागणार नाही. सकाळच्या प्रार्थनेपासून खाऊच्या सुटीपर्यंत एकेक पोर पाच स्वभाव पालटते. चालणे, बोलणे, विचार, कल्पना यांच्या पायऱ्या आखलेल्या आहेत, आणि सगळ्या चढवल्या की मोठे होताना पोराला कायमचा एक गुण बक्षीस मिळतो. ही मात्र त्या खेळाची एकट्याची खोड नव्हे. अडीच वर्षांच्या पोराला इंग्रजी रंगांची नावे पाठ आहेत की नाहीत यावर त्याला जोखणारे आईबाप पेणच्या बाजारात पावलोपावली भेटतात. त्यांनी तो खेळ पाहिलाही नसेल.

आणि रंगांच्या पट्ट्यांना हसण्याचे कारण नाही. आमच्या गडबच्या अंगणवाडीत मुलांची वजने होतात, तक्त्यावर ठिपका मांडला जातो. त्या तक्त्यालाही पट्टे आहेत: हिरवा, पिवळा आणि केशरी. अंगणवाड्यांची ही सरकारी योजना 1975 च्या 2 ऑक्टोबरला सुरू झाली. पट्टा कागदावर असतो. त्याच्यासाठी पायपीट करणारे माणूस कोण, हा खरा प्रश्न आहे. ते माणूस बाई असते. तिला पगार नसतो, मानधन असते. 2023 च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका संपावर गेल्या आणि पुढच्या वर्षीच्या जानेवारीपर्यंत संप चालला, तेव्हा कुणाच्या घरचे काय अडले? आयांचे अडले. बापांपैकी कितीजणांना संप चालू आहे हे ठाऊक होते, ते त्यांनी आपापल्या मनाला विचारावे.

या लहान मुलांच्या शिक्षणाचा पाया आपल्याकडे ज्यांनी घातला त्यांत ताराबाई मोडक यांचे नाव आपण घेतो, अनुताई वाघ यांचे घेतो. 1945 साली बोर्डीला त्यांनी काम सुरू केले, पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, हे त्यांनी दाखवून दिले. पण ताराबाई ज्यांच्याबरोबर या कामात पडल्या ते गिजुभाई बधेका वकिली सोडून आलेले पुरुष होते. मुलांच्या शिंबडाला, रडण्याला, मातीच्या हातांना त्यांनी कधी विटाळ मानला नाही. गुजरातने कौतुकाने त्यांना काय पदवी दिली? ‘मूछाळी मा’. मिशा असलेली आई! कौतुक खरे, पण त्या पदवीत आपल्या समाजाचा सगळा कबुलीजबाब आहे. पुरुष मुलात रमला तर त्याच्यासाठी आपल्यापाशी शब्द नाही. त्याला उसनी आई व्हावे लागते. बाप राहून ते करता येत नाही, असे आपण ठरवून टाकले आहे.

वसुदेवाचे चित्र घराघरांत असते. डोक्यावर टोपली, टोपलीत बाळ, वर शेषाची फणा, खाली यमुना. मला ते चित्र आवडते. पण ते एका रात्रीचे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळपासून लोण्याची बोटे पुसणे, उखळाला बांधणे, तोंडातली माती काढणे यशोदेकडे आले, आणि आपल्या पुरुषांनी कित्ता गिरवला तो त्या एका रात्रीचा. पोराला ताप भरला की ते मध्यरात्री मोटारसायकल काढून पेण गाठतात. गाठतातच, ते मी नाकारणार नाही. टोपली डोक्यावर घ्यायला सगळे तयार आहेत. वाडगा तिसऱ्यांदा उचलायला कोणी नाही.

कायद्यानेही तेच चित्र गिरवले. 2017 साली बाळंतपणाच्या रजेचा कायदा सुधारला. 26 आठवड्यांची भरपगारी रजा झाली, पन्नास किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे पाळणाघर हवे असे ठरले. चांगले झाले. पण त्या सुधारणेत बापासाठी एक दिवसही नव्हता. त्याच वर्षी तिकडे संगणकातला बाप पोराला भांड्यावर बसायला शिकवत होता.

यावर उत्तर ठरलेले असते, आणि ते मी आमच्याच गावात शंभरदा ऐकले आहे. “बाई, तो दमून येतो.” पेणहून नागोठण्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आमचे गाव, शेजारी डोलवीचा पोलादाचा कारखाना, एका अंगाला खारेपाट. रात्रपाळी करून आलेला माणूस दमतो, हे सांगायला कुणी लागत नाही. सकाळी तो झोपला की दोन वर्षांच्या पोराच्या तोंडावर हात ठेवून त्याला बाहेर नेतात: “गप, बाबा झोपलाय.” त्या पोराला बापाची पहिली ओळख होते ती अशी, ज्याच्यामुळे आवाज करायचा नाही, तो बाप. पण बाई दमत नाही का? आषाढात लावणीला कमरेत वाकलेली असते ती, सुक्या मासळीची पाटी घेऊन बाजाराला जाते ती, हमरापूर-जोह्याकडे गणपतीच्या कारखान्यांत दिवसदिवस हात चालवते तीसुद्धा बाईच. पोर तिच्याजवळच ओल्या मातीत बोटे खुपसत बसलेले असते. तिची पाळी कधी सुटते? “बाईला ते जमते उपजत,” असे पुढचे उत्तर. उपजत काही जमत नाही हो! पहिलटकरणीचे हात कापतात, मी पाहिले आहे. ती करून करून शिकते. माझी भाची तरी काय, पहिले पोर तिच्या हातून इतके हयगयीचे झाले की खेळात ते तिच्याकडून काढून घेतले गेले. ती रडली, आणि दुसऱ्या वेळी शिकली.

आमच्या वाडीत एक गृहस्थ आहेत. नाव सांगत नाही, कारण सांगितले तर ते पुन्हा माझ्याशी बोलायचे नाहीत. ते आपल्या धाकट्याला रोज आंघोळ घालतात, आणि घालताना न्हाणीचे दार लावून घेतात. पोर मोठ्याने खिदळले की त्याला दटावतात, शेजारच्या दादूसला ऐकू जाईल म्हणून. बायकोला मारताना दार लावून घेण्याची ज्या वाडीत कुणाला गरज वाटत नाही, तिथे पोराच्या डोक्यावर पाणी ओतताना ती वाटते. आणि आपण म्हणतो, संगणकाचा खेळ मुलींना वास्तवापासून दूर नेतो. नेऊ दे की थोडे दूर! या वास्तवात त्यांनी जवळ राहून करायचे काय?

भगिनींनो, तुमच्यापैकी काहीजणी म्हणतील, “ते येतात नि सगळे उलटे करतात, त्यापेक्षा आपणच केलेले बरे.” लंगोट उलटा बांधला तर पोर मरत नाही. भात घट्ट कालवला तर थुंकून टाकते, एवढेच. त्यांच्या हातातून वाडगा काढून घेऊ नका. आणि लेकीसुनांच्या हातातून तो खेळही काढून घेऊ नका. उलट शेजारी मुलालाही बसवा. भातुकलीतून त्याला आपण परसात पाठवले होते, इथून तरी पाठवू नका.

शाळांतून माता-पालकांच्या सभा होतात. पिता-पालक असा शब्द मी अजून कुठल्या फलकावर वाचलेला नाही. दिवाळीची सुटी संपली की पहिल्या रविवारी मी आमच्या वर्गाच्या बापांची सभा बोलावली आहे. वेळ दुपारी चारची ठेवली आहे, म्हणजे रात्रपाळीवाल्यांची झोप झालेली असेल आणि दिवसपाळीवाल्यांना सुटी असेल. प्रत्येकाने पोराला घेऊन यायचे आहे, एकट्याने. बरोबर बायको, आई, बहीण आणायची नाही. पोराला भूक लागेल, शी होईल, झोप येईल, त्याची सोय शाळेत आहे. आजवर तिघांनी ‘येतो’ म्हटले आहे. बाकीच्यांच्या बायकांनी ‘विचारून सांगते’ म्हणून सांगितले आहे.