कराटेविद्येचीं घराणीं

गेल्या वर्षीं आमच्या शाळेंत परगांवाहून एक विद्यार्थी दाखल झाला. आपल्या गांवीं तीन वर्षें त्यानें कराटेविद्येचा अभ्यास मोठ्या निष्ठेनें केला होता. येथील एका वर्गांत जाऊन त्यानें आपली पहिली 'काता' शिक्षकांस करून दाखविली, आणि "हें सर्व चुकीचें आहे, पुन्हां आरंभापासून शीक," असें उत्तर त्यास मिळालें. (काता म्हणजे एकट्यानें करावयाची ठराविक हालचालींची मालिका, हें ज्या पालकांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं सांगून ठेवितों.) मुलगा हिरमुसला होऊन घरीं परतला व पुढें कित्येक दिवस त्यानें त्या विद्येचें नांवही काढलें नाहीं.

आमच्या मतें त्या मुलाचें कांहींएक चुकलें नव्हतें. तो शोतोकान घराण्यांत शिकला होता आणि आतां शितो-ऱ्यू घराण्याच्या दारांत उभा होता, इतकेंच. 'घराणें' हा शब्द आम्ही गायनाच्या परिभाषेंतून मुद्दाम उचलला आहे. ग्वाल्हेरचा यमन व किराण्याचा यमन ऐकणारास निराळे वाटतात. पण त्यांपैकीं एकास खोटा म्हणण्याचें धाडस जाणता श्रोता करणार नाहीं.

ओकिनावा बेटावरील शुरीचे इतोसु आन्को (१८३१–१९१५) यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं ही विद्या तेथील शाळांत नेली, आणि विद्यार्थ्यांस झेपाव्या म्हणून 'पिनान' नांवाच्या पांच काता रचिल्या. म्हणजे जिच्यावरून हा तंटा, ती काता मुळांतच शाळकरी मुलांसाठीं निर्माण झालेली! त्यांचे शिष्य फुनाकोशी गिचिन १९२२ सालीं टोकियोस गेले. तेथील लोकांस सुलभ व्हावें म्हणून त्यांनीं 'पिनान' हा उच्चार टाकून त्याच अक्षरांचा जपानी उच्चार 'हेइआन' स्वीकारला. आणि दुसरी काता पहिलीपेक्षां सोपी म्हणून त्या दोहोंचा क्रम उलटा केला. इतोसूंचेच दुसरे शिष्य माबुनी केन्वा (१८८९–१९५२) ओसाकास स्थायिक झाले. त्यांनीं जुनीं नांवें व जुना क्रम राखिला. त्यामुळें शोतोकानची पहिली हेइआन ती शितो-ऱ्यूची दुसरी पिनान ठरते.

अंतर केवळ नांवाचें नाहीं. आमच्या विद्यार्थ्यानें डावीकडे वळून पाय लांब टाकिला, गुडघा वांकविला व हात खालीं झटकून वार अडविला. शितो-ऱ्यूमध्यें त्याच ठिकाणीं मागील पायावर भार ठेवून पुढचा पाय मांजरासारखा हलकेंच टेकवितात. शोतोकानांत लांब व खोल पवित्रे रुजविण्याचें श्रेय बहुतांशीं फुनाकोशींचे चिरंजीव योशिताका यांस दिलें जातें. अशा पवित्र्यानें मांड्या बळकट होतात व झेप दूर जाते. आंखूड पवित्र्यांत वळणें व सरकणें त्वरेनें साधतें. एक घ्यावें तर दुसरें थोडें सोडावें लागतें. यासाठींच "सर्व घराणीं एकच" असें म्हणून वाद मिटविणारे सज्जनही आम्हांस पटत नाहींत. अर्धी चाल येथली व अर्धी तेथली घेतली तर शरीरास कोणतेंच वळण लागत नाहीं.

मात्र भेद असला म्हणजे वैर असावें असें नाहीं. माबुनींनीं इतोसूंप्रमाणेंच नाहा येथील हिगाओन्ना कान्ऱ्यो यांच्याजवळही अध्ययन केलें. तेथील शिक्षणांत श्वास व स्नायूंचा ताण यांवर फार भर असे; त्याच गुरूंचे शिष्य मियागी चोजुन यांनीं पुढें गोजू-ऱ्यू घराणें स्थापिलें. माबुनींनीं आपल्या दोन्ही गुरूंच्या नांवांतील आद्याक्षरें भिन्न उच्चारानें जोडून 'शितो' हें नांव बनविलें. ज्या घराण्याच्या नांवांतच दोन गुरु नांदतात, त्याच्या दारांत दुसऱ्याच्या शिष्यास खोटें ठरवावें हें आम्हांस विपरीत वाटतें.

आणि 'अस्सल', 'प्राचीन' या शब्दांचाही फार अभिमान नको. घराण्यांचीं हीं नांवें बहुतेक १९३० नंतर रूढ झालीं. 'कराटे' हा शब्द 'रिकामा हात' या अर्थाच्या अक्षरांनीं लिहावा हें ओकिनावांतील गुरूंनीं १९३६ सालीं नाहा येथील सभेंत मान्य केलें. पूर्वीं तो बहुधा 'चिनी हात' या अर्थाच्या अक्षरांनीं लिहीत.

पालकांनीं वर्गाची निवड करतांना "आपलें घराणें खरें काय?" असें विचारूं नये, "येथें पाय असा कां ठेवावयाचा?" असें विचारावें. ज्या शिक्षकांस याचें उत्तर देतां येईल, त्यांच्या हातीं मूल निर्धास्त सोंपवावें, मग घराणें कोणतेंही असो. नव्या मुलास "आमच्याकडे असें करितात" एवढें म्हटल्यानें कोणाही गुरूस कमीपणा येत नाहीं.

तो विद्यार्थी सांप्रत पुन्हां त्याच वर्गांत जाऊं लागला आहे. शाळा भरण्यापूर्वीं मैदानाच्या कडेस दोन्ही काता एकामागून एक करीत असतां आम्हीं त्यास पाहिलें. कोणती अधिक आवडते असें विचारतां, "मांजराचा पाय अजून नीट जमत नाहीं," एवढेंच तो म्हणाला.